मोबाइलवरील खेळ आणि खेळाडूचा पेशा : मुळशी तालुक्याच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका म्हटला की भाताची खाचरे, सह्याद्रीचे कडे, धरणाचे विस्तीर्ण पाणी आणि गावोगावच्या तालमी डोळ्यांसमोर येतात. १९२१ साली सुरू झालेला आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाने गाजलेला मुळशी सत्याग्रह याच भूमीत झाला. गेल्या काही दशकांत तालुक्याचा पूर्व भाग झपाट्याने पालटला. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारात माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, पिरंगुट परिसरात कारखाने आले आणि जमिनीस भाव आला. जमिनीचा पैसा हाती टिकला नाही तर पुढच्या पिढीचे काय होते, हा प्रश्न २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने सर्व महाराष्ट्रापुढे मांडला.

या बदलाबरोबरच घरोघर मोबाइल आला आणि त्यावरील खेळही आले. शाळा सुटल्यावर पारावर, देवळाच्या ओट्यावर किंवा बसथांब्यावर चार मुले मोबाइल आडवे धरून एकाच खेळात गुंतलेली दिसतात. त्यांपैकी एखादा घरी सांगतो, ‘मी यातच नाव काढणार, आता यालाही खेळाचा दर्जा मिळाला आहे.’ पालक गोंधळतात. शिक्षकांना विचारतात. ग्रामपंचायत सदस्यांकडे गाऱ्हाणे येते. या प्रश्नाला हसून उडवून लावणे बरे नव्हे, आणि ‘खेळू द्या, कोट्यवधी मिळतात’ असे म्हणणे तर त्याहून घातक होय. मोबाइलवर खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू का होत नाहीत, याची कारणे समजून घेतली म्हणजे या मुलांना योग्य सल्ला देता येईल. त्यासाठी मुळशीकरांच्या परिचयाच्या कुस्तीचाच दाखला घेऊ.

तालमीची शिडी

कुस्तीच्या इतिहासात मुळशीचे स्थान मानाचे आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ हे याच तालुक्यातील मुठा गावचे. परिषदेची स्थापना १९५३ साली झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची परंपरा सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ही स्पर्धा तालुक्यातील भूगाव येथे भरली होती आणि अभिजीत कटके यांनी किरण भगत यांच्यावर मात करून गदा जिंकली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे झालेल्या अंतिम लढतीत मुठा गावचेच पृथ्वीराज मोहोळ ‘महाराष्ट्र केसरी’ ठरले.

गदा एकच असते आणि ती स्पर्धेत एकालाच मिळते. असे असूनही तालमीत जाणाऱ्या शेकडो मुलांचे श्रम वाया गेले, असे कोणी म्हणत नाही. याचे कारण कुस्तीची शिडी पायरी-पायरीने बांधलेली आहे. लहान पोर जत्रेच्या फडात रेवड्यांवरची कुस्ती खेळते. पुढे नारळ, मग काही रुपयांचे इनाम, मग नेमलेली कुस्ती, मग तालुका, जिल्हा आणि राज्य, अशी चढण आहे. प्रत्येक पायरीवर वस्ताद पाहत असतो. ‘याचा दम कमी पडतो’, ‘याचा पट चांगला आहे’, ‘याने आता नोकरी धरावी’ असे स्पष्ट सांगणारा कोणीतरी असतो. शिवाय पायरी चुकली तरी खाली जमीन असते. कमावलेले शरीर सैन्यभरतीत आणि पोलीसभरतीत उपयोगी पडते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे गदा जिंकणारे विजय चौधरी यांना शासनाने पोलीस उपअधीक्षकपदी नेमले. जो कोठेच चमकला नाही, त्यालाही निदान निरोगी शरीर आणि शिस्त लाभते.

मोबाइलवरील खेळातही शिखर आहे. परंतु शिखर आणि पायथा यांच्यामधील बहुतेक पायऱ्या अद्याप बांधल्या गेलेल्या नाहीत, आणि पडणाऱ्याच्या पायाखाली जमीनही नाही. सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे.

ई-क्रीडा म्हणजे काय

संगणकावर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या, कौशल्यावर आधारलेल्या आणि नियमबद्ध स्पर्धेच्या स्वरूपात भरविल्या जाणाऱ्या खेळांस ई-क्रीडा अथवा ई-स्पोर्ट्स म्हणतात. घरबसल्या करमणुकीसाठी खेळणे ही ई-क्रीडा नव्हे. मुलांनी अंगणात रबरी चेंडूने खेळणे आणि रणजी करंडकाचा सामना यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे.

या प्रकारास आता अधिकृत स्थान मिळू लागले आहे. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-क्रीडेचा प्रात्यक्षिक म्हणून समावेश होता. त्यात गुजरातमधील भूजचे तीर्थ मेहता यांनी ‘हर्थस्टोन’ या खेळात कांस्यपदक मिळविले. २०२३ साली हांगचौ येथे पार पडलेल्या आशियाई स्पर्धेत ई-क्रीडेची पदके प्रथमच अधिकृत पदकतालिकेत धरली गेली. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने ई-क्रीडेचा विषय केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाच्या क्रीडा विभागाकडे सोपविण्यात आला. तेव्हा ‘यालाही खेळाचा दर्जा आहे’ हे मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण दर्जा खेळाला मिळाला आहे. तो खेळणाऱ्या प्रत्येकास मिळालेला नाही.

आकड्यांचा हिशेब

आपल्याकडे खेड्यापाड्यांत खूप पसरलेला एक खेळ म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. क्राफ्टॉन या दक्षिण कोरियन कंपनीचा हा खेळ जुलै २०२१ मध्ये भारतात आला आणि वर्षभरातच त्याच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. त्याच्या राष्ट्रीय मालिकेची २०२४ ची अंतिम फेरी हैदराबाद येथे झाली. तीत सोळा संघ होते. एका संघात प्रत्यक्ष खेळणारे चौघे, म्हणजे मैदानात चौसष्ट खेळाडू.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखविण्याजोगा आहे. दहा कोटींना चौसष्टने भागले असता सुमारे साडेपंधरा लाख येतात. म्हणजे साडेपंधरा लाखांत एक. नोंदणी केलेले सर्वच काही मनापासून खेळत नाहीत, हे खरे. म्हणून शंभरातील एकच खरा इच्छुक धरला, तरी दहा लाख उमेदवार आणि चौसष्ट जागा उरतात. हे प्रमाण पंधरा हजारांहून अधिक जणांत एक असे पडते. पंधरा हजार मुले गोळा करायची तर तालुक्यातील शाळांमागून शाळा पालथ्या घालाव्या लागतील.

पैशाचा हिशेबही पाहावा. त्या मालिकेची एकूण बक्षिसे दोन कोटी रुपयांची होती. आकडा मोठा वाटतो. पण ती रक्कम सोळा संघांत सारखी वाटली असती, तर संघास साडेबारा लाख आणि खेळाडूस सुमारे तीन लाख बारा हजार रुपये आले असते. प्रत्यक्षात बक्षीस सारखे वाटले जात नाही. मोठा वाटा पहिल्या काही संघांकडे जातो, आणि संघ चालविणाऱ्या संस्थेचा हिस्सा व प्राप्तिकरही त्यातूनच द्यावे लागतात. देशातील पहिल्या सोळा संघांत बसूनही केवळ बक्षिसावर संसार चालणे कठीण, मग सतराव्याची गोष्टच काढावयास नको.

मुलांना मोबाइलवर ज्यांचे वैभव दिसते, त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग स्पर्धेतून आलेला नसतो. आपला खेळ प्रेक्षकांना थेट दाखवून, बोलून, हसवून आणि जाहिराती करून ते पैसा मिळवितात. तो करमणुकीचा धंदा आहे. त्यास खेळाइतकेच वाक्चातुर्य, सातत्य आणि प्रेक्षकांची मर्जी लागते, आणि तेथेही गर्दी तेवढीच आहे.

क्रमवारीचा भ्रम

‘माझी रँक फार वरची आहे’ असे मुलगा सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्या क्रमवारीचा अर्थ त्याने लावला तसा नसतो. खेळ बनविणाऱ्या कंपनीचा हेतू खेळणारा टिकून राहावा हा असतो. म्हणून प्रारंभीच्या श्रेणींत प्रतिस्पर्ध्यांमध्ये संगणकाने चालविलेली पात्रेही मिसळलेली असतात. नवख्यास ती सहज मारता येतात आणि आपणांस हे जमते, असे त्यास वाटू लागते. पुढे त्याची गाठ साधारण त्याच्याच तोडीच्या खेळाडूंशी घालून दिली जाते.

तोडीस तोड जोड्या लावण्याची ही कल्पना बुद्धिबळातून आलेली आहे. आर्पाद एलो यांनी तयार केलेली गुणांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिचे सूत्र असे की समान बळाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळताना हार-जीत जवळजवळ सारखी होते. बुद्धिबळात हा गुणांक बलाबलाची काटेकोर नोंद ठेवतो. मोबाइलवरील खेळांत मात्र श्रेणी वाढण्यास कौशल्याबरोबर खेळलेल्या वेळेचाही मोठा हातभार लागतो. हंगाम संपला की श्रेणी खाली येते आणि ती पुन्हा चढण्यासाठी पुन्हा तास खर्ची घालावे लागतात. सुटीत दिवसाचे आठ तास देणाऱ्या मुलाची श्रेणी दोन तास देणाऱ्यापेक्षा वर जाणारच.

तालमीत हा भ्रम फार काळ टिकत नाही. तेथे समोर हाडामांसाचा पैलवान असतो आणि पाठ जमिनीला लागली की निकाल सर्वांदेखत लागतो. मोबाइलवरील खेळात पराभवानंतर अर्ध्या मिनिटात नवा डाव सुरू होतो. हरल्याचे शल्य मनात मुरत नाही, त्यामुळे त्यातून शिकणेही होत नाही.

खेळणे आणि सराव

पैलवान रोज जोर-बैठका काढतो, दोरखंड चढतो, एकच डाव शंभर वेळा घोटतो. त्यातील फार थोडा वेळ तो प्रत्यक्ष कुस्ती खेळत असतो. व्यावसायिक ई-क्रीडापटूचेही तसेच आहे. एकच हालचाल पुनःपुन्हा घोटणे, आपल्या हरलेल्या डावाचे चित्रण पाहून चुका टिपणे, प्रतिस्पर्धी संघांच्या सवयी अभ्यासणे आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या संघांशी सराव-सामने खेळणे हा त्याचा दिनक्रम होय. संघातील चौघांची कामे वाटलेली असतात. एक जण डावाची आखणी करून हुकूम देतो, एक जण पुढे घुसतो, एक जण टेहळणी करतो, एक जण पाठराखण करतो. चौघांना एकमेकांचा शब्द पडू न देता महिनोन्‌महिने एकत्र राहावे लागते. मोठ्या संघांना प्रशिक्षक आणि विश्लेषकही असतात.

याउलट बहुसंख्य मुले करमणूक म्हणून खेळतात. त्यात काही गैर नाही. पण करमणुकीचे तास कितीही वाढविले तरी त्यांचा सराव होत नाही. दहा वर्षे रोज एसटीने प्रवास करणारा जसा चालक होत नाही, तसेच हे आहे.

साधने आणि संदेशवहन

कुस्तीला लाल मातीचा हौद, लंगोट आणि खुराक लागतो. खुराकाचा खर्च काही थोडा नाही. तथापि मातीचा हौद सर्वांना सारखाच असतो. ई-क्रीडेत साधनच निकालावर परिणाम करते. दर सेकंदास अधिक चित्रे दाखविणाऱ्या महागड्या मोबाइलवर प्रतिस्पर्ध्याची हालचाल स्पष्ट व लवकर दिसते. स्वस्त मोबाइल तापतो आणि ऐन वेळी अडखळतो.

त्याहून मोठी अडचण संदेशवहनाची. मुलाने बोट दाबले की तो संदेश कंपनीच्या दूरवरच्या संगणकापर्यंत जाऊन परत येतो. यास लागणाऱ्या वेळेस खेळणारे ‘पिंग’ म्हणतात आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. डोळ्यांनी पाहून हाताने प्रतिसाद देण्यास माणसाला साधारणतः दोनशे ते अडीचशे सहस्रांश सेकंद लागतात. तेथे संदेशवहनातच आणखी शंभर-दीडशे सहस्रांश गेले, तर नेमबाजीच्या खेळात हार ठरलेलीच. हिंजवडीतील वसाहतीत बसलेला मुलगा आणि ताम्हिणीकडच्या डोंगरकुशीतील गावात, पावसाळ्यात वीज व संपर्क दोन्ही अनिश्चित असताना बसलेला मुलगा हे एकाच आखाड्यात असले तरी एकाच मातीवर नसतात. तालुक्यातील सर्व मुलांना एकच सल्ला देता येत नाही, याचे हे एक कारण.

खेळ कोणाच्या मालकीचा

कुस्ती कोणाच्याही मालकीची नाही. संघटनांत वाद झाले तरी मातीत दोन पैलवान उतरले की कुस्ती होते. ई-क्रीडेतील प्रत्येक खेळ मात्र एखाद्या कंपनीची मालमत्ता असतो. नियम ती ठरविते, बदलते आणि वाटल्यास खेळ बंदही करते. शासनाच्या निर्णयाचाही त्यावर थेट परिणाम होतो.

अलीकडचा इतिहासच पाहावा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने सुरक्षेच्या कारणास्तव ११८ मोबाइल उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत त्या वेळी अतिशय लोकप्रिय असलेला ‘पबजी मोबाइल’ होता. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. २८ जुलै २०२२ रोजी तीही उपयोजन-भांडारांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये अटींसह परतली. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाकाठी तीनच तास खेळता येईल, ही त्यांपैकी एक अट होती. ज्यांनी शिक्षण सोडून केवळ या एका खेळावर भिस्त ठेवली होती, त्यांच्या दृष्टीने तीन वर्षांत दोनदा आखाडाच नाहीसा झाला.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही स्थैर्य आलेले नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२४ साली सौदी अरेबियाच्या सहकार्याने ऑलिंपिक ई-क्रीडास्पर्धा भरविण्याचे ठरविले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो करार संपुष्टात आला. जेथे जागतिक संस्थांचे बेत असे पालटतात, तेथे दहावीतल्या मुलाने आयुष्याचा बेत त्यावर बांधणे किती जोखमीचे, हे सांगावयास नको.

वयाचे गणित

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘स्टारक्राफ्ट २’ या खेळातील १६ ते ४४ वर्षे वयाच्या ३,३०५ खेळाडूंच्या हालचालींची नोंद त्यांनी तपासली. बदलती स्थिती पाहून प्रतिसाद देण्याचा वेग साधारण चोविसाव्या वर्षापासून मंदावू लागतो, असे त्यांना आढळले. अनुभवी खेळाडू ही उणीव युक्तीने काही अंशी भरून काढतात, असेही त्यांनी नोंदविले. तरीही या पेशाची भरभराटीची वर्षे थोडी असतात, हे उघड आहे.

ही थोडी वर्षे नेमकी दहावी, बारावी, आयटीआय, पदविका आणि पदवी यांचीच वर्षे होत. पैलवानाचीही उमेद याच वयात असते. परंतु त्याच्यामागे भरती, आरक्षण आणि वस्तादकी यांचे पाठबळ आहे. ई-क्रीडेत अशी व्यवस्था अद्याप रुजलेली नाही. वयाच्या पंचविशीत खेळ थांबला आणि हाती प्रमाणपत्र नाही, कसब नाही, आणि ज्या शेतीवर परतावे ती विकलेली, अशी अवस्था एखाद्या तरुणाची होऊ नये, हीच या विषयातील खरी चिंता आहे.

कायदा काय सांगतो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्यातील भेद नीट ध्यानी घ्यावा. ई-क्रीडा आणि करमणुकीचे वा शिक्षणपर खेळ यांना या कायद्याने मान्यता व उत्तेजन देऊ केले आहे. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मात्र, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, मनाई केली आहे. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षेची तरतूद आहे.

ई-क्रीडेत प्रवेशशुल्क असू शकते. पण ते स्पर्धेत भाग घेण्यापुरते आणि व्यवस्थेच्या खर्चापुरते असावे लागते, आणि बक्षीस कामगिरीवर मिळते. पैज लावणे त्यात बसत नाही. तेव्हा ‘शंभर रुपये टाक, हजार मिळव’ असे सांगणारा कोणी भेटला तर ती ई-क्रीडा नव्हे, हे मुलांना निःसंदिग्धपणे सांगावे. जेथे जमिनीचा पैसा घरात आहे, तेथे हा धोका अधिक.

घर, शाळा आणि ग्रामपंचायत

वरील विवेचनावरून मोबाइल हिसकावून घ्यावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हिसकावलेला मोबाइल मित्राच्या घरी सापडतो आणि मुलाचे बोलणे मात्र बंद होते. त्याऐवजी वस्तादाने पोराची पारख करावी, तशी पारख करणे श्रेयस्कर. त्यासाठी पुढील सहा प्रश्न उपयोगी पडतील.

१. खुल्या स्पर्धेत रीतसर नाव नोंदवून मुलाने आजवर किती फेऱ्या पार केल्या? श्रेणी विचारू नये, स्पर्धेतील निकाल विचारावा.

२. त्याचा संघ ठरलेला आहे काय? तेच चौघे किती महिने एकत्र सराव करीत आहेत?

३. हरलेल्या डावाचे चित्रण पाहून तो आपली चूक वहीत लिहितो काय?

४. झोप, जेवण, व्यायाम आणि शाळेची हजेरी ठीक आहे काय?

५. या खेळात घरचा पैसा जातो आहे की बाहेरून येतो आहे? जात असल्यास कशावर?

६. हा खेळ उद्या बंद झाला, तर त्याच्या हाती काय उरेल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलात काही गुण आहे असे समजावे आणि शिक्षण चालू ठेवण्याच्या अटीवर त्यास एक ठरावीक मुदत द्यावी. बहुतेकांच्या बाबतीत ती तशी नसतील. मग खेळ हा फावल्या वेळेचा विरंगुळा, एवढेच त्याचे स्थान मुलाने स्वतःच्या तोंडाने कबूल करावे, असा संवाद घडवावा. मुलाची नालस्ती मात्र करू नये. हरणारा तो एकटा नाही. पंधरा हजारांत एकालाच जागा आहे, हे फळ्यावरील गणित त्यास पुन्हा दाखवावे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वाईट असेल तर विषय वेगळा होतो. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, अशी लक्षणे साधारणतः बारा महिने राहिल्यास जागतिक आरोग्य संघटनेने त्यास ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार मानले आहे. त्याचा समावेश असलेली रोगवर्गीकरणाची सुधारित सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अशा मुलास रागावण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तज्ज्ञाचा सल्ला मिळवून द्यावा.

ज्यांना या विश्वाची खरोखर ओढ आहे, त्यांना खेळण्याच्या पलीकडची दारे दाखवावीत. खेळ तयार करण्यासाठी गणित, संगणकलेखन, चित्रकला, ध्वनी, कथा आणि भाषा लागते. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने तयार केलेला ‘इंडस’ हा खेळ २०२४ साली प्रसिद्ध झाला. असे काम आपल्या जिल्ह्यातच होत आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठी राज्याचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. या वाटेवर जागा अधिक आहेत आणि एखादा खेळ बंद पडला तरी कसब बंद पडत नाही. पण तीही वाट शाळेच्या दारातूनच जाते. केवळ खेळून ती सापडत नाही.

ग्रामपंचायतीस करता येण्याजोगी कामे साधी आहेत. सायंकाळी मैदानावर दिवे असावेत. तालमीचे दार उघडे असावे. वाचनालयात एक-दोन संगणक असावेत आणि त्यांवर चित्र काढणे, छोटे कार्यक्रम लिहिणे शिकविणारा कोणी असावा. हिंजवडीत काम करणारे गावातील तरुण हे काम आठवड्यातून एक दिवस आनंदाने करतील. यात्रेच्या निमित्ताने कोणी मोबाइल खेळांची स्पर्धा भरवू म्हटले, तर पैज नाही, वय पाहिले आहे, वेळ मर्यादित आहे आणि बक्षिसाचा पैसा कोठून येतो हे माहीत आहे, या चार गोष्टींची खात्री करूनच परवानगी द्यावी. ग्रामसभेत एकदा तरी हा विषय मुलांच्या उपस्थितीत चर्चेस घ्यावा.

मुळशीने पैलवान घडविले, ते प्रत्येक पोराला गदा मिळेल अशा आशेवर नव्हे. जो गदेपर्यंत पोहोचेल त्याचे कौतुक आणि जो पोहोचणार नाही त्याची सोय, या दोहोंची काळजी गावाने आणि वस्तादाने घेतली, म्हणून ती परंपरा टिकली. मोबाइलच्या आखाड्यात उतरलेल्या मुलांमागे आज असा वस्ताद नाही. ते काम तूर्त शिक्षक, पालक आणि पंचायत सदस्य यांनाच करावे लागेल, आणि त्याचा आरंभ या मुलांशेजारी बसून, ते काय खेळतात हे विचारण्यापासून करता येईल.